साखळी तोडण्याचा इतिहास

मराठी वृत्तपत्रांत ‘प्लॅस्टिकचा पुनर्वापर’ हा शब्दप्रयोग सर्रास आढळतो, आणि तीन वेगळ्या क्रिया त्यात एकत्र कोंबल्या जातात. बरणी धुऊन पुन्हा वापरणे ही पहिली. जुने प्लॅस्टिक वितळवून त्याची हलक्या दर्जाची वस्तू करणे ही दुसरी. प्लॅस्टिकची रेणुसाखळी तोडून ते पुन्हा मूळ कच्च्या मालापर्यंत नेणे ही तिसरी. ही तिसरी क्रिया अलीकडे अगदी नवा शोध म्हणून मांडली जाते. आम्ही साहित्याचे अध्यापक. रसायनशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु ‘नवे’ म्हणून जे पुढे येते त्याची वंशावळ तपासण्याची सवय आम्हाला आमच्या विषयानेच लावली आहे, आणि येथे ती वंशावळ बरीच मागे जाते.

१८३९ मध्ये एदुआर्द सिमोन या बर्लिनमधील औषधविक्रेत्याने स्टोरॅक्स या सुगंधी राळेचे ऊर्ध्वपातन करून एक तेलकट द्रव मिळवला आणि त्याला ‘स्टायरॉल’ म्हटले. हा द्रव पुढे आपोआप घट्ट होतो, असे त्याला आढळले. हवेतील ऑक्सिजनचा हा परिणाम असावा, असा त्याचा समज झाला. १८४५ मध्ये ब्लाइथ आणि हॉफमन यांनी दाखवले की घट्ट पदार्थाचे घटक मूळ द्रवाचेच आहेत, आणि तो तापवला की तोच द्रव पुन्हा हाती येतो. १८६० मध्ये ग्रेव्हिल विल्यम्स यांनी रबराच्या ऊर्ध्वपातनातून आयसोप्रीन वेगळे केले. हे पदार्थ लांबच लांब साखळ्यांचे बनलेले असतात, हा विचार हेर्मान श्टाउडिंगर यांनी मांडला तो मात्र १९२० मध्ये. साखळी म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच माणसाने ती तोडली होती.

सगळ्या साखळ्या सारख्या तुटत नाहीत. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी सिद्ध केलेला पॉलिएस्टर प्रथम ‘टेरिलीन’ कापड म्हणून आला आणि १९७० च्या दशकात ‘पेट’ बाटलीच्या रूपाने घरोघरी पोहोचला. त्याचे दुवे जुळताना पाण्याचे किंवा मद्यार्काचे रेणू बाहेर पडतात. म्हणून उष्णता देऊन पाणी, मिथेनॉल किंवा ग्लायकॉल परत घातले की ते दुवे उकलतात. पॉलिथिनला अशी गाठच नाही. कार्बनला कार्बन जोडलेली ती सरळ साखळी चारशे अंशांच्या पुढे तापवावी लागते आणि तुटते तीही वेडीवाकडी. हाती तेल, मेण आणि वायू यांचे मिश्रण येते. ते तेल इंधन म्हणून जाळले, तर त्याला पुनर्चक्रीकरण म्हणणे आम्हाला पटत नाही.

मग हे शास्त्र इतकी वर्षे मागे का राहिले? उत्तर कारखान्यांच्या इतिहासात आहे. जर्मनीत १९९१ मध्ये वेष्टनांविषयीचा नियम आला. त्यानंतर बीएएसएफने लुडविग्सहाफेन येथे १९९४ मध्ये पथदर्शी प्रकल्प उभारला आणि १९९६ मध्ये बंद केला. पुरेसा कचरा परवडणाऱ्या दरात मिळण्याची हमी नव्हती. अमेरिकेत ऑगस्टा येथे जुन्या गालिच्यांच्या नायलॉनपासून कॅप्रोलॅक्टम मिळवणारा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला. नव्या कॅप्रोलॅक्टमचे भाव पडले आणि तो २००१ मध्ये थांबला. २००७ मध्ये दुसऱ्या मालकाने तो पुन्हा चालू केला. जपानमधील कावासाकी येथे २००३ पासून प्लॅस्टिकचे वायूत रूपांतर करून त्यातील हायड्रोजनपासून अमोनिया बनवतात. तो कारखाना टिकला. कारण तेथील कायद्याने प्रक्रियेच्या खर्चाचा भार वेष्टने बनवणाऱ्या व वापरणाऱ्या उद्योगांवर टाकला आहे. अर्थात तेथेही प्लॅस्टिकचे पुन्हा प्लॅस्टिक होत नाही, हे नोंदवले पाहिजे.

आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात पॉलिजेंटा या कंपनीने वापरलेल्या पेट बाटल्यांची साखळी ग्लायकॉलने उकलून पुन्हा पॉलिएस्टर धागा काढण्याचे तंत्र व्यापारी प्रमाणावर चालवले. अशा कारखान्याला निवडलेली बाटली लागते. पीव्हीसीचे थोडेसे तुकडे मिसळले तरी पेटचा अख्खा घाणा बिघडतो. ही निवड प्रयोगशाळेत होत नाही. ती उकिरड्यावर आणि भंगारवाल्याच्या दुकानात होते, आणि ती करणाऱ्या हातांत बायकांचे हात अधिक असतात. पुण्यात १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली, ती याच कष्टांना काम म्हणून मान्यता मिळावी यासाठी.

साखळी कशी तोडावी, हे माणसाला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. कचरा कोणी निवडायचा, निवडणाऱ्याला काय द्यायचे आणि खनिज तेल स्वस्त झाले की तोटा कोणी सोसायचा, हे प्रश्न मात्र प्रत्येक पिढी पुढच्या पिढीवर ढकलत आली आहे. नव्या तंत्राची बातमी वाचताना या तीन प्रश्नांची उत्तरे तिच्यात आहेत का, एवढे विद्यार्थ्यांनी पाहावे. बहुतेक वेळा ती नसतात.