जागेची निवड आणि सशाची कथा

पुण्यांतील शनवारवाड्याच्या जागेविषयीं एक आख्यायिका सर्वतोमुखीं आहे. मुठेच्या कांठीं फिरत असतां थोरल्या बाजीरावसाहेबांस एक ससा कुत्र्याच्या पाठीस लागलेला दिसला. तेव्हां ही भूमि पराक्रमाची आहे असें जाणून त्यांनीं तेथेंच वाडा बांधण्याचें योजिलें. गोष्ट गोड आहे. पण तिला इतिहासाच्या पंक्तीस बसविण्यापूर्वीं तिचें कुळ पाहिलें पाहिजे.

तेंच कुळ अहमदाबादेस भेटतें. १४११ त तें शहर वसविणाऱ्या अहमदशहाच्या शिकारी कुत्र्यांवर ससा उलटला असें तेथें सांगतात. विजयानगरची कथाही अशीच, व ती तर नूनिझ या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्यानें सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, म्हणजे शनवारवाड्याच्या आधीं जवळजवळ दोनशें वर्षें, लिहून ठेविली आहे. एकच ससा तीन ठिकाणीं धांवतो, तेव्हां तो त्या त्या भूमीचा साक्षी नसून कथाकारांचा पाळीव प्राणी होय, असें आमचें मत आहे.

मग जागा पारखीत तरी कशी? वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वास्तुविद्येच्या अध्यायांत याची रीत आहे. हातभर खड्डा खणून निघालेल्या मातीनेंच तो भरावा. माती उरल्यास भूमि उत्तम, बरोबर झाल्यास मध्यम, कमी पडल्यास त्याज्य. किंवा खड्डा पाण्यानें भरून शंभर पावलें जाऊन परत यावें. पाणी न आटलें तर जागा चांगली. भुसभुशीत जमिनीची ही पारख आजचा गवंडीही नाकारणार नाहीं. त्याच अध्यायांत वर्णपरत्वें मातीचे रंगही दिले आहेत. त्यांचें मोल आम्ही निराळें धरतों. पुढें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दुर्ग बांधतांना प्रथम पाणी पाहावें, एका झऱ्यावर विसंबूं नये, असा उपदेश आहे. दुर्ग आणि वाडा एक नव्हेत खरे. पण विचार त्याच काळचा.

शनवारवाड्याचा पाया माघ शुद्ध ३ शके १६५१ रोजीं घातला. वास्तुशांति शके १६५३ च्या रथसप्तमीस झाली. यांच्या तारखा १० जानेवारी १७३० व २२ जानेवारी १७३२ अशा छापतात. त्या जुन्या इंग्रजी गणनेच्या आहेत. नव्या गणनेनें २१ जानेवारी व २ फेब्रुवारी येतात, आणि दोन्ही दिवशीं शनिवारच पडतो. दिवस इतका निवडून घेणाऱ्यांनीं जागा सशावर सोपविली असेल काय? कसब्याची जुनी वस्ती लगत आणि नदी पायथ्याशीं, हीं कारणें उघड्या डोळ्यांस दिसतात. तरी नदीनें सर्व भागलें नाहीं. नानासाहेबांच्या कारकीर्दींत कात्रजहून नळानें पाणी आणावें लागलें.

सामान्य गृहस्थांनीं जागा काय पाहून घेतली, हें मात्र ग्रंथांत सांपडावयाचें नाहीं. तें खरेदीखतांत शोधावें. चतुःसीमा, आडाच्या पाण्याचा वांटा, सामायिक भिंत, पागोळ्यांचें पाणी कोणीकडे पडावें याचा तंटा, हें सर्व तेथें आहे. जुना वाडा पाडतांना दप्तर हातीं आलें कीं संग्राहक शिक्कामोर्तबाचीं पत्रें वेंचतात आणि हे कागद वाण्याच्या दुकानीं जातात. आमची विनंति इतकीच कीं, रुमाल न फोडतां, आहे त्या क्रमानें ठेवावा, आणि तो कोणत्या घरांतून निघाला तें वरच्या फडक्यावर लिहावें.