एकांड्या टेहळ्याची बंदूक

सन १९८३ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, पॉल्डन या गावाजवळच्या गनसाइट नावाच्या नेमबाजी विद्यालयात काही बंदूककार, शिकारी, नेमबाज आणि शस्त्रविषयक लेखक एकत्र जमले. विद्यालयाच्या संस्थापकाने त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न वरकरणी अगदी साधा होता : जो मनुष्य एकटा, पायी, आपल्या फौजेपासून कित्येक कोस दूर, शत्रूच्या मुलखात हिंडणार आहे, त्याला एकच बंदूक बरोबर नेता येणार असेल, तर ती कशी असावी? लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ज्या मनुष्यासाठी ही बंदूक योजावयाची होती, तो त्या वेळी जगातील कोणत्याही मोठ्या सैन्याच्या हजेरीपटावर उरलेला नव्हता. टेहळणीचे काम विमाने करीत होती, आकाशात फिरणारे उपग्रह करीत होते, आणि पायदळाचा शिपाई एकटा न जाता बिनतारी यंत्र बाळगणाऱ्या तुकडीबरोबर जात होता. पुढे ‘स्काउट रायफल’ या नावाने प्रसिद्धी पावलेले हे शस्त्र कोणत्याही युद्धखात्याच्या मागणीतून जन्माला आलेले नाही. ते इतिहासाच्या एका अभ्यासकाच्या चिंतनातून जन्माला आले. त्याचे गुण आणि त्याचे दोष या दोहोंचा उगम, माझ्या मते, याच एका गोष्टीत आहे.

हा अभ्यासक म्हणजे जेफ कूपर. १९२० साली लॉस एंजेलिस येथे त्याचा जन्म झाला, स्टॅनफर्ड विद्यापीठात त्याने राज्यशास्त्राचे अध्ययन केले, आणि दुसऱ्या महायुद्धात व त्यानंतर कोरियाच्या लढाईच्या काळात अमेरिकन मरीन दळात सेवा करून तो लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत चढला. त्यानंतर, चाळिशी उलटल्यावर, त्याने कॅलिफोर्निया विद्यापीठातून इतिहासाची उच्च पदवी घेतली, ही गोष्ट त्याच्या चरित्रात सहसा ओझरती सांगितली जाते. मला मात्र ती मध्यवर्ती वाटते. पिस्तुलाच्या आधुनिक नेमबाजीचा प्रवर्तक म्हणून त्याचे नाव झाले, १९७६ मध्ये त्याने गनसाइटचे विद्यालय स्थापन केले, आणि २००६ साली पॉल्डन येथेच त्याचे देहावसान झाले. परंतु रायफलीविषयी तो लिहू लागला की त्याच्या डोळ्यांपुढे उभा राही तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा दक्षिण आफ्रिकेचा वैराण माळ आणि त्यावरून दबत दबत पुढे सरकणारा एकांडा टेहळ्या.

अशा टेहळ्यांचा मेरुमणी म्हणजे फ्रेडरिक रसेल बर्नहॅम. १८६१ मध्ये मिनेसोटात जन्मलेल्या या अमेरिकन गृहस्थाने आपली विद्या अमेरिकेच्या नैऋत्येकडील वाळवंटी प्रदेशात कमावली, आणि पुढे आफ्रिकेत जाऊन ती इंग्रजांच्या चाकरीस लावली. १८९३ मध्ये मॅटाबेले लोकांशी झालेल्या युद्धात शांगानी नदीकाठी मेजर ॲलन विल्सनची तुकडी कापली गेली. त्या तुकडीतून कुमक आणण्यासाठी जे तिघे बाहेर पाठविले गेले त्यांत बर्नहॅम होता, आणि म्हणूनच तो वाचला. बोअर युद्ध पेटले तेव्हा तो उत्तरेत क्लोंडाइकच्या बर्फाळ मुलखात सोने शोधीत होता. इंग्रज सेनापती लॉर्ड रॉबर्ट्सची तार तेथे पोहोचली आणि हा मनुष्य अर्धी पृथ्वी ओलांडून त्याच्या छावणीत टेहळणीचा मुख्य म्हणून रुजू झाला. तो शत्रूच्या हाती सापडून निसटला, आणि जून १९०० मध्ये प्रिटोरियाच्या पूर्वेकडचा लोहमार्ग त्याने सुरुंगाने उडविला. १८९६ मध्ये माटोबोच्या डोंगरांत त्याची आणि बेडन-पॉवेलची गाठ पडली होती, आणि त्या सहवासात बेडन-पॉवेलने जे आत्मसात केले त्याचेच बीज पुढे बालवीर चळवळीत रुजले. आपल्या शाळांतून खाकी पोशाख घालून गाठी बांधावयास शिकणारी मुले आणि ॲरिझोनातील ही बंदूक यांचे कुळ असे एका ठिकाणी जाऊन मिळते. साम्राज्याच्या त्या लढाया कोणाच्या भूमीवर आणि कोणाच्या विरुद्ध झाल्या हे विसरून त्यांचे गुणगान करणे हिंदी मनुष्याला शक्य नाही; परंतु एकट्या माणसाच्या सावधपणाचे आणि सोशिकतेचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

आता त्या टेहळ्याच्या हाती असे काय, ते पाहू. बोअर लोकांजवळची १८९५ सालची माउझर रायफल सव्वा मीटरच्या आसपास लांब आणि वजनाने सुमारे चार किलो होती. इंग्रजांची ली-एनफील्ड ‘आखूड’ झाल्यावरही १.१३ मीटर भरे, आणि वजनात पहिलीहून फारशी हलकी नव्हती. रांगेत उभे राहून हजार वारांवर एकदम बार काढणाऱ्या पलटणीसाठी, आणि टोकाला संगीन चढवून भाल्यासारखी वापरण्यासाठी या बंदुका घडविलेल्या होत्या. एकट्या वाटसरूची सोय हा त्यांच्या कर्त्यांच्या विचाराचा विषयच नव्हता. गनसाइटच्या मंडळींनी नेमका तोच विषय हाती घेतला, आणि वर्णने न करता आकडे बांधून दिले. लांबी एक मीटर, वजन तीन किलो, फार तर साडेतीन, आणि तेही दुर्बीण व पट्टा यांसह, नळी १९ इंचांच्या आसपास, काडतूस .३०८, म्हणजे लष्करी ७.६२ मिलिमीटरचाच नागरी अवतार, कारण ते जगात कोठेही मिळते. आणि नेम असा की २०० वारांवर तीन गोळ्या चार इंचांच्या वर्तुळात पडाव्यात. दोनशे किलोपर्यंतच्या जनावराला एकाच निर्णायक आघातात पाडता यावे, मात्र ज्या अंतरावर नेमबाजाला मर्मावर गोळी बसविण्याची खात्री आहे त्याच अंतरावर, ही कूपरची मूळ अट होती. आणि या अटीतील उत्तरार्ध त्याच्या पूर्वार्धाइतकाच महत्त्वाचा आहे, कारण तो बंदुकीला नव्हे, माणसाला बांधून घेतो.

लोकांच्या नजरेत मात्र भरली ती दुर्बीण. सामान्य शिकारी रायफलीवर दुर्बीण पाठीमागे, काडतूस आत जाते त्या भागाच्या बरोबर वर बसविलेली असते, आणि तिच्यातून पाहण्यासाठी डोळा तीन-चार इंचांवर आणावा लागतो. स्काउट रायफलीवर ती पुढे नळीवर बसते आणि डोळ्यापासून नऊ-दहा इंच दूर राहते. ही कल्पना सर्वस्वी कूपरची नव्हती. जर्मन सैन्याने १९४१ मध्ये आपल्या माउझर कार्बाइनवर दीडपट शक्तीची एक चिमुकली दुर्बीण अशीच पुढे बसविली होती, परंतु ती लपून दूरचा वेध घेणाऱ्या नेमबाजांच्या हाती पडली, त्या कामाला ती अपुरी ठरली, आणि बदनाम झाली. कूपरला वाट सापडली ती रेमिंग्टन कंपनीने १९६४ मध्ये काढलेल्या ‘मॉडेल ६००’ या आखूड कार्बाइनमध्ये. तिच्या साडेअठरा इंची नळीवर त्याने लांबून पाहता येणारी कमी शक्तीची दुर्बीण बसविली, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांच्या विचाराला आरंभ झाला.

दुर्बीण पुढे नेण्याची कारणे हाताने चाचपून पाहण्यासारखी आहेत. बंदुकीचा तोल ज्या ठिकाणी साधतो ती जागा मोकळी राहते, म्हणून चालताना ती एका मुठीत धरून नेता येते. दोन्ही डोळे उघडे राहतात : उजव्या डोळ्याला दुर्बिणीतील रेघांची फुली दिसते, डाव्याला भोवतालचा सारा प्रदेश, आणि ही दोन चित्रे मनात एकमेकांवर बसतात, त्यामुळे धावत्या जनावरावर नेम क्षणार्धात जुळतो. झटका भुवईवर बसत नाही. आणि चौथे कारण, जे आज बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे, ते भरण्याच्या रीतीचे. माउझर पद्धतीच्या रायफलीत बोल्ट मागे ओढला की वरचे तोंड उघडते. पत्र्याच्या पट्टीत दाटीने बसविलेली पाच काडतुसे त्या तोंडावर उभी धरायची, अंगठ्याने एका दाबात खाली लोटायची, आणि बोल्ट पुढे सारला की रिकामी पट्टी आपोआप उडून बाजूला पडते. दोन-तीन सेकंदांचे काम. दुर्बीण त्या तोंडावर बसली तर हे सारे बंद पडते आणि एकेक काडतूस बोटांनी आत सारावे लागते. टेहळ्याच्या खिशात पट्ट्या असणार, तेव्हा तोंड मोकळे हवे, म्हणून दुर्बीण पुढे : असा हा तर्क आहे.

पट्ट्याचा विचारही तितक्याच बारकाईने झाला. ग्वाटेमालाच्या कार्लोस विडमनने योजलेला एक पट्टा कूपरच्या पाहण्यात आला, आणि एरिक चिंग या नेमबाजाने तो सोपा केला. तीन ठिकाणी अडकविलेल्या या पट्ट्यात दंड घालून कोपर ताणले की बंदूक खांद्याशी जखडली जाते, आणि याला एक-दोन सेकंदांहून अधिक वेळ लागत नाही. पूर्वीच्या लष्करी पट्ट्याला हेच करावयास पुष्कळ खटपट पडे, म्हणून मैदानाबाहेर कोणी ती करीत नसे. स्काउट रायफलीची सर्वांत उपयोगी देणगी कोणती, असे मला विचारले तर मी दुर्बिणीऐवजी या पट्ट्याचे नाव घेईन.

या नियमांबरहुकूम बंदूक बाजारात मिळत नव्हती, म्हणून पहिली काही वर्षे ती कारखान्यांतून न येता कारागिरांच्या हातून आली. जुन्या लष्करी माउझर घ्याव्यात, नळी आखूड करावी, मूळची मागची निशाणी काढून तिच्या जागी दुर्बिणीचे बैठक-लोखंड बसवावे, लाकडाचा अवजड दस्ता तासून हलका करावा, असा हा उद्योग होता. खरी पंचाईत होई ती काट्यावर. लांबी साधे, दुर्बीण साधे, नेम साधे, आणि वजन मात्र साडेतीन किलोच्या वर जाऊन बसे. सर्व बाबतींत जमलेल्या पण एखाद्या अटीवर अडलेल्या अशा बंदुकांना कूपर स्काउट म्हणावयास तयार नसे. हा त्याचा हट्ट पुष्कळांना जाचला. मला तो योग्य वाटतो, कारण प्रत्येक शंभर ग्रॅमला कारण मागणारा मनुष्य नसेल, तर कोणतेही हत्यार हळूहळू शिलेखान्यातील शोभेची वस्तू होऊन बसते.

अखेर ऑस्ट्रियातील श्टायर येथील मानलिखर कारखान्याने ही गोष्ट मनावर घेतली, आणि १९९८ साली कूपरच्या सल्ल्याने सिद्ध झालेली पहिली कारखानी स्काउट रायफल विक्रीस आली. तिचा दस्ता प्लास्टिकचा, त्याच्या पुढच्या भागात घडी घालून ठेवलेले दोन पाय, मागच्या भागात जादा मॅगझिन ठेवावयाची जागा, आणि वजन तीन किलोच्या घरात. कारागिरी उत्तम होती. परंतु या बंदुकीत काडतुसे सुट्या मॅगझिनमधून भरावयाची होती. वरून पट्टी लोटण्याची सोय तिच्यात नव्हतीच. म्हणजे दुर्बीण पुढे असण्याचे एक मुख्य कारण पहिल्याच कारखानी नमुन्यात नाहीसे झाले, आणि दुर्बीण मात्र पुढेच राहिली. २०११ मध्ये रुगर कंपनीने गनसाइटचे नाव लावून काढलेल्या स्वस्त रायफलीतही हेच घडले. प्रथेचे कारण संपते आणि प्रथा चालू राहते, हे आपण धर्माचारांत पाहतो. पोलादाच्या वस्तूतही ते इतक्या लवकर घडावे याचे मला नवल वाटले.

पुढच्या दुर्बिणीचे दोष वापरणाऱ्यांनी लवकरच दाखवून दिले. सूर्य पाठीशी असला की मागच्या काचेवर ऊन चमकून चित्र पुसट होते, सांजवेळी अंधुक दिसते, आणि दुर्बिणीतून दिसणारा प्रदेश मुळातच अरुंद असतो. पुढे एकपटीपासून चार-सहापटीपर्यंत शक्ती बदलणाऱ्या चांगल्या दुर्बिणी निघाल्या. त्या नेहमीच्या जागी बसवूनही दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो. आज स्काउट रायफल घेणारे कित्येक जण दुर्बीण मागे सरकवितात, आणि त्यात त्यांचे चुकते असे मला म्हणवत नाही. मीटरभर लांबी, तीन किलो वजन, दंडाचा पट्टा आणि मर्मापलीकडे गोळी न सोडण्याचा निर्धार एवढे शाबूत असले, म्हणजे बर्नहॅमच्या वंशजाला शोभेल असे पुष्कळ शिल्लक राहते.

या कथेचा एक धागा आपल्याकडेही येतो. १९६२ च्या चीनयुद्धानंतर बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्याने जुन्या ली-एनफील्डचाच साचा घेऊन, अधिक कणखर पोलादात, ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसासाठी रायफल घडविली. तिचे ‘२ए’ आणि ‘२ए१’ असे दोन प्रकार झाले. .३०३ ची काडतुसे आपल्या खडकीच्या कारखान्याने पिढ्यान्‌पिढ्या पुरविली होती, ७.६२ च्या कामात भुसावळजवळच्या वरणगावच्या कारखान्याचाही वाटा राहिला. या इशापुरी रायफली पुढे जुन्या मालाच्या व्यापारात अमेरिकेला गेल्या, आणि तेथील हौशी लोकांनी व काही व्यापाऱ्यांनी त्यांच्या नळ्या कापून स्काउटच्या धर्तीच्या कार्बाइन बनविल्या. ली-एनफील्डच्या तोंडावर काडतुसांच्या पट्टीसाठी पोलादी कमान असते, म्हणून नेहमीच्या जागी दुर्बीण बसविणे अवघड. उलट मागची निशाणी नळीवर पुढे असल्यामुळे तेथे ती सहज बसते, आणि कमान मोकळी राहते. वजनाच्या अटीत इशापुरी रायफल बसत नाही, आणि कूपरने तिला स्काउट म्हटले नसते हे उघड आहे. परंतु वरून पट्टी लोटून पाच काडतुसे एका दमात भरण्याची जी सोय राखण्यासाठी दुर्बीण मुळात पुढे नेली गेली, ती श्टायरच्या महागड्या बंदुकीत नाही आणि बंगालमध्ये घडलेल्या या जुनाट बंदुकीत आहे.