वारं फिरलं नव्हतं

४ जून २०२४ ला सोलापुरात गुलाल उधळला तो काँग्रेसने. प्रणिती शिंदे यांनी भाजपच्या राम सातपुते यांचा ७४ हजार १९७ मतांनी पराभव केला. त्यानंतर साडेपाच महिन्यांत, २३ नोव्हेंबरला, याच लोकसभा मतदारसंघातल्या सहा विधानसभा जागांपैकी पाच भाजपने जिंकल्या: शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट आणि पंढरपूर. राज्यातही तेच चित्र दिसलं. लोकसभेला ४८ पैकी १७ जागांवर अडकलेल्या महायुतीने विधानसभेत २८८ पैकी २३० जागा घेतल्या आणि महाविकास आघाडी ४६ वर थांबली.

यावर एक मत सर्वमान्य झालं आहे. चहाच्या टपरीपासून वृत्तवाहिन्यांच्या चर्चेपर्यंत सगळे तेच सांगतात: वारं फिरलं. जूनमध्ये लोक रागावले होते, नोव्हेंबरपर्यंत त्यांचं मन बदललं. का बदललं, याची उत्तरं वेगवेगळी मिळतात. कुणी म्हणतं लाडकी बहीण, कुणी धार्मिक ध्रुवीकरण, कुणी पैसा, तर कुणी यंत्रातला घोटाळा. पण या सगळ्या उत्तरांखालचं गृहीतक एकच आहे. मतदार हा एकसंध जमाव आहे आणि तो आज इकडे, उद्या तिकडे झुकतो. माझा वाद या गृहीतकाशी आहे. निदान सोलापूर जिल्ह्यापुरतं तरी ते खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचा पुरावा निकालाच्या आकड्यांतच पडून आहे.

आधी लोकसभेचे तीन निकाल शेजारी ठेवून पाहू. २०१४ ला भाजपच्या शरद बनसोडे यांना सुमारे ५ लाख १८ हजार मतं मिळाली आणि काँग्रेसच्या सुशीलकुमार शिंदे यांना ३ लाख ६८ हजार. २०१९ ला भाजपच्या जयसिद्धेश्वर स्वामींना ५ लाख २५ हजार, शिंदे यांना ३ लाख ६६ हजार आणि वंचित बहुजन आघाडीच्या प्रकाश आंबेडकरांना १ लाख ७० हजार. २०२४ ला प्रणिती शिंदे यांना ६ लाख २० हजार आणि सातपुते यांना ५ लाख ४६ हजार.

भाजपचा आकडा पुन्हा पाहा: ५ लाख १८ हजार, ५ लाख २५ हजार, ५ लाख ४६ हजार. ज्या निवडणुकीत ‘भाजपविरोधी लाट’ आली म्हणतात, त्या निवडणुकीत भाजपची मतं आधीपेक्षा २१ हजारांनी वाढली आणि तरी जागा गेली. पाच वर्षांत मतदारांची संख्याही वाढली, म्हणून टक्केवारीत पक्ष थोडा खाली आला, हे मान्य करायलाच हवं. पण दोन-तीन टक्क्यांच्या घटीला कुणी लाट म्हणत नाही. जूनमध्ये भाजपचा मतदार घरीच होता, भाजपबरोबरच होता. तो कुठे गेलाच नव्हता, मग नोव्हेंबरमध्ये ‘परत आला’ असं कसं म्हणायचं?

यावर लगेच दुसरं प्रचलित उत्तर पुढे येतं, ते मतविभागणीचं. २०१९ ला आंबेडकर उभे राहिले म्हणून शिंदे पडले आणि २०२४ ला वंचितच्या उमेदवाराने माघार घेतली म्हणून त्यांची कन्या निवडून आली. हे उत्तर पहिल्यापेक्षा शहाणं आहे, कारण ते निदान बेरीज-वजाबाकी करतं. पण ती अर्धीच करतं. २०१९ मधला पराभव १ लाख ५८ हजार मतांचा होता. आंबेडकरांची १ लाख ७० हजार मतं शिंदे यांच्याकडे वळवून तो भरून काढायचा, तर शंभरातल्या त्र्याण्णव मतदारांनी मुकाट्याने काँग्रेसला मत द्यायला हवं होतं आणि उरलेल्या सातांपैकी एकानेही भाजपकडे जायला नको होतं. असा एकगठ्ठा मतदार कुठल्या वस्तीत राहतो? शिवाय २०१४ ला आंबेडकर रिंगणात नव्हते, तेव्हाही शिंदे जवळपास तेवढ्याच फरकाने, दीड लाखाला थोड्या कमी मतांनी, पडले होते. वंचितला मत देणाऱ्या माणसाला ‘मतं खाणारा’ म्हणण्यात एक अन्यायही आहे. ती मतं काँग्रेसच्या तिजोरीतून चोरीला गेलेली नव्हती. ती त्या माणसाची होती, त्याने हव्या त्या उमेदवाराला दिली.

मग २०२४ मध्ये काय झालं? ही विखुरलेली मतं एका उमेदवारामागे उभी राहिली, आणि तशी उभी राहायला त्यांच्याकडे कारणं होती. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने गावोगावची भाषा बदलली होती. संविधानाविषयीची चिंता दलित वस्त्यांत उघड बोलली जात होती. आणि कांदा होता. सोलापूरची बाजार समिती कांद्याच्या मोठ्या बाजारांपैकी एक. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि ती उठली ४ मे २०२४ ला. सोलापूरचं मतदान ७ मे रोजी होतं. ज्याने ऐन हंगामात पडेल भावाने गोणी मोकळ्या केल्या, त्याच्या हातात या तीन दिवसांत काय पडणार होतं? मोहोळ आणि पंढरपूर-मंगळवेढ्याने प्रणिती शिंदे यांना जी मोठी आघाडी दिली, तिच्यात हा कांदा मोजायला हवा. सोलापूर शहर उत्तरने मात्र त्याच दिवशी भाजपलाच आघाडी दिली. म्हणजे एकाच मतदारसंघात, एकाच दिवशी, दोन दिशांना मतदान झालं. त्याला वारा म्हणायचं कसं?

आता विधानसभेकडे वळू. ‘लाडकी बहीण’ने निवडणूक फिरवली, हे आज जवळजवळ सिद्धान्तासारखं सांगितलं जातं. दरमहा १५०० रुपये ही गरीब घरात लहान गोष्ट नाही, आणि ज्या बाईच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा सरकारी रक्कम जमा झाली, तिच्या मनातल्या समाधानाची मी चेष्टा करणार नाही. मतदानही वाढलं. राज्यात लोकसभेला ६१ टक्के झालं होतं, ते विधानसभेला ६६ वर गेलं. (या वाढीकडे ‘मन बदललं’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबून पाहावं. नोव्हेंबरमध्ये रांगेत उभे असलेले लाखो लोक लोकसभेला रांगेतच नव्हते. जे आलेच नव्हते, त्यांचं मन बदलल्याचा दाखला कुठून आणायचा?) पण योजनेचा हप्ता सगळीकडे सारखाच आला. तो करमाळ्यात आला, माढ्यात आला, मोहोळ, माळशिरस, बार्शी, सांगोल्यातही आला. या सहाही ठिकाणी महायुती हरली. करमाळ्यात नारायण पाटील, माढ्यात अभिजित पाटील, मोहोळला राजू खरे आणि माळशिरसला उत्तम जानकर हे चौघे शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे. बार्शीत दिलीप सोपल ठाकरेंच्या शिवसेनेचे. सांगोल्यात शेतकरी कामगार पक्षाचे बाबासाहेब देशमुख. जिल्ह्यातल्या अकरापैकी सहा जागा सत्ताधाऱ्यांच्या विरोधात गेल्या. शरद पवारांच्या पक्षाला सबंध महाराष्ट्रात दहा आमदार मिळाले, त्यातले चार एकट्या सोलापूर जिल्ह्याचे आहेत. राज्यभर लाट होती म्हणतात, तर ती भीमेच्या काठाला येऊन का थबकली?

लाभ मिळाला की मत मिळतं, या समजुतीला सोलापुरात आणखी एक मोठं उत्तर आहे. ते कुंभारीत विटा-सिमेंटचं उभं आहे. विडी कामगार, यंत्रमाग कामगार आणि असंघटित कष्टकऱ्यांसाठी तिथे रे नगरची ३० हजार घरांची वसाहत झाली. नरसय्या आडम मास्तरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्यातल्या १५ हजार घरांचं हस्तांतरण झालं. एका कम्युनिस्ट नेत्याच्या प्रकल्पाचं लोकार्पण भाजपच्या पंतप्रधानांनी केलं, असा तो दुर्मीळ दिवस होता. घरासारखी दुसरी देणगी कोणती? हजार विड्यांमागे मजुरी मोजणाऱ्या बाईला पक्क्या घराची किल्ली मिळाली, यापेक्षा मोठा ‘लाभार्थी’ कुठे शोधायचा? चार महिन्यांनी भाजपने सोलापूरची लोकसभा गमावली. आणि नोव्हेंबरमध्ये शहर मध्यमधून उभे राहिलेले आडम मास्तर फार मागे राहिले. घर देणाऱ्या दोघांनाही घराच्या बदल्यात मत मिळालं नाही. कृतज्ञता आणि मतदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वस्तीला पक्कं ठाऊक होतं. आपल्या विश्लेषकांना ते अजून उमगायचं आहे.

माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा बार्शीचा आहे. १९८५ पासून आमदारकी पाहिलेले दिलीप सोपल आणि त्यांचे प्रतिस्पर्धी राजेंद्र राऊत यांच्या दोन गटांत बार्शी तालुका विभागलेला आहे. २०१४ ला सोपल घड्याळावर होते आणि राऊत धनुष्यबाणावर. २०१९ ला सोपल धनुष्यबाणावर आले, राऊत अपक्ष लढले आणि जिंकले. २०२४ ला धनुष्यबाण पुन्हा राऊतांकडे गेला आणि सोपलांनी मशाल घेतली. आता सोपलांना मानणारा एखादा बार्शीकर या तीन निवडणुकांत मतदान केंद्रात शिरताना डोळ्यांसमोर आणा. पुठ्ठ्याच्या आडोशामागे यंत्रावर बोट ठेवायचं आहे. पहिल्या खेपेला त्याने घड्याळ दाबलं. दुसऱ्या खेपेला, आधी ज्याला हरवायचं होतं तेच चिन्ह, धनुष्यबाण दाबलं. तिसऱ्या खेपेला तो धनुष्यबाण टाळून मशाल शोधतो. कागदाची चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि आत पडते. राज्याच्या तक्त्यात या माणसाची नोंद दोनदा पक्ष बदलणारा चंचल मतदार अशी होईल. प्रत्यक्षात तो दहा वर्षांत तसूभरही हललेला नाही. हलले ते पक्ष.

हे नवं आहे असंही नाही. १९९५ ला महाराष्ट्रात पहिल्यांदा शिवसेना-भाजप युतीची सत्ता आली. काँग्रेस ८० वर घसरली, शिवसेनेने ७३ आणि भाजपने ६५ जागा जिंकल्या. तो काँग्रेसविरोधाचा जोर सांगोल्यात उलटा दिसला. एरवी अकरा वेळा निवडून गेलेले गणपतराव देशमुख त्या वर्षी पडले, आणि त्यांना पाडणारे शहाजीबापू पाटील तेव्हा काँग्रेसचे होते. त्याच निवडणुकीत सोलापूर शहराने युतीच्या धुमधडाक्यात एका मार्क्सवाद्याला, आडम मास्तरांना, विधानसभेत पाठवलं. २००४ च्या मे महिन्यात वाजपेयींचं सरकार गेलं आणि देश काँग्रेसकडे वळला. सोलापूरने तेव्हा भाजपचे सुभाष देशमुख निवडून दिले. हरलेल्या उमेदवार उज्ज्वला शिंदे या त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांच्या पत्नी होत्या. ऑक्टोबरमध्ये विधानसभेला शहराने पुन्हा आडम मास्तर निवडले. दिल्लीसाठी एक माप आणि मुंबईसाठी दुसरं, ही सवय या जिल्ह्याला २०२४ मध्ये लागलेली नाही.

मग सत्ता फिरते कशाने? बरंचसं फिरतं ते मतदानाच्या आधी, तिकीटवाटपात. पंढरपुरात काँग्रेसचे भगीरथ भालके आणि शरद पवारांच्या पक्षाचे अनिल सावंत हे आघाडीतलेच दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले. भाजपचे समाधान आवताडे सुमारे ८ हजार ४०० मतांनी जिंकले, आणि सावंतांना दहा हजारांवर मतं पडली. इथे मतविभागणी खरी आहे, पण ती मतदाराने केली नाही. आघाडीच्या नेत्यांनी ती लेखी, एबी फॉर्म भरून केली. दक्षिण सोलापुरात आघाडीचे अधिकृत उमेदवार ठाकरेंच्या शिवसेनेचे अमर पाटील होते. ऐन मतदानाच्या दिवशी शिंदे पिता-कन्येने पाठिंबा जाहीर केला तो अपक्ष धर्मराज काडादी यांना. त्यांच्या नेतृत्वाखालच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानतळासाठी जून २०२३ मध्ये पाडली गेली, तेव्हापासून काडादींच्या बाजूला एक हळवी सहानुभूती होती. पण मतदार केंद्राच्या वाटेवर असताना त्याला उमेदवार बदलायला सांगायचं, आणि निकालानंतर ‘जनतेने साथ दिली नाही’ म्हणायचं, हे मला पटत नाही. उलट माळशिरसला लोकसभेच्या वेळी मोहिते-पाटील भाजपपासून दूर झाले आणि वर्षानुवर्षांचे विरोधक जानकर त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. तिथे जागा आघाडीकडे गेली.

माळशिरसचं नाव आलं की मारकडवाडी टाळता येत नाही. जानकर जिंकले, तरी या गावात भाजपच्या उमेदवाराला जास्त मतं दिसली. गावातल्या काहींना ते पटलं नाही, आणि त्यांनी ३ डिसेंबर २०२४ ला मतपत्रिकेवर स्वतःच पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि बेत रद्द झाला. ‘जूनमध्ये आमचं गाव असं होतं, नोव्हेंबरमध्ये तसं कसं’ या प्रश्नामागे वाऱ्याच्या सिद्धान्ताचंच गृहीतक आहे, फक्त बाजू उलटी आहे. एक म्हणतो गाव हललं, दुसरा म्हणतो गाव हलूच शकत नाही. दोन्हीकडे गाव म्हणजे एक माणूस. म्हणून त्या शंकेवरून यंत्रातल्या फेरफाराचा निष्कर्ष मी काढणार नाही. पण शंकेला उत्तर म्हणून पोलीस पाठवणंही मला मान्य नाही. आपल्या मताचा हिशेब मागणाऱ्या गावाला हिशेबच द्यायला हवा होता.

आणि तो हिशेब अस्तित्वात असतो. प्रत्येक मतदारसंघाचा फॉर्म २० असतो. त्यात मतदान केंद्रांचे क्रमांक खाली खाली आणि उमेदवार आडवे, प्रत्येक चौकटीत मतं. मोजणीच्या चौदा टेबलांवरून फेरीमागून फेरी जे आकडे निघतात, ते अखेर या तक्त्यात येऊन बसतात. लाटेचा सिद्धान्त सगळ्यात आधी मोडतो तो इथे, कारण शेजारच्या दोन केंद्रांचे आकडे सहसा जुळत नाहीत. आज हा तक्ता संकेतस्थळावर शोधून काढावा लागतो. त्याचं गावापुरतं पान, मागच्या तीन निवडणुकांच्या आकड्यांसह, निकालानंतर आठवड्याच्या आत ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि शहरात प्रभाग कार्यालयाबाहेर लावावं, अशी माझी निवडणूक यंत्रणेकडे मागणी आहे. मारकडवाडीपासून सुरुवात करता येईल.