चिकित्सक-शास्त्रज्ञ प्रशिक्षण (रोगप्रतिकारशास्त्र)

रुग्णांवर उपचार करणाऱ्या आणि त्यांच्याच आजारांविषयी प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या व्यक्तीस चिकित्सक-शास्त्रज्ञ म्हणतात. या लेखात रोगप्रतिकारशास्त्रात असे दुहेरी काम करू इच्छिणाऱ्यांच्या अमेरिकेतील प्रशिक्षणाची माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

रोगप्रतिकारशास्त्रात रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांतील अंतर मुळातच कमी आहे. १९५२ साली ऑग्डेन ब्रुटन या लष्करी बालरोगतज्ज्ञांना, वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या ८ वर्षांच्या एका मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन आढळले नाही. ते इंजेक्शनद्वारे दिल्यावर संसर्ग आटोक्यात आले. अशा आजारामागील सदोष जनुक मात्र १९९३ साली उजेडात आले.

संयुक्त पदवी

राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९६४ साली ‘वैद्यकीय शास्त्रज्ञ प्रशिक्षण कार्यक्रम’ सुरू केला. त्यात एमडी आणि पीएचडी या दोन्ही पदव्या एकाच कार्यक्रमात मिळतात. सहसा शुल्क माफ असते व विद्यावेतन दिले जाते. (अमेरिकेत एमडी ही पहिली वैद्यकीय पदवी आहे, भारतातील एमडीप्रमाणे ती पदव्युत्तर नाही.) सर्वसाधारण क्रमानुसार वैद्यकाची सुरुवातीची सुमारे दोन वर्षे, मग तीन ते पाच वर्षे संशोधन आणि शेवटी पुन्हा रुग्णालय असा हा अभ्यास सुमारे ८ वर्षे चालतो. यातील अवघड वळण दुसरे असते. प्रबंध संपवून परतलेल्या विद्यार्थ्यास रुग्णतपासणीचा सराव नव्याने करावा लागतो, आणि तोवर त्याचे मूळ वर्गमित्र निवासी डॉक्टर झालेले असतात.

पुढील टप्पे

पदवीनंतर अंतर्गत वैद्यक किंवा बालरोगशास्त्रात ३ वर्षांची रेसिडेन्सी आणि त्यापुढे ॲलर्जी व रोगप्रतिकारशास्त्राची किमान २ वर्षांची फेलोशिप करावी लागते. काही जण संधिवातशास्त्र निवडतात, कारण अनेक स्वयंप्रतिकार आजारांचे रुग्ण तिकडे जातात. संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी रेसिडेन्सीचा काळ कमी करणारा स्वतंत्र मार्गही आहे. स्वतःची प्रयोगशाळा उभी राहीपर्यंत अनेकांची चाळिशी जवळ येते. रुग्णसेवेतून मिळणारे उत्पन्न अधिक आणि संशोधनाचे अनुदान अनिश्चित, यामुळे गळती होते. जेम्स विनगार्डन यांनी १९७९ सालीच अशा संशोधकांना नामशेष होऊ घातलेली जमात म्हटले होते.

दोन वाटा

ड्रू वाइसमन यांनी बॉस्टन विद्यापीठातून १९८७ साली दोन्ही पदव्या घेतल्या. एमआरएनए लसींना आधारभूत ठरलेल्या संशोधनासाठी त्यांना कॅटलिन कारिको यांच्यासह २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुहेरी पदवी मात्र अनिवार्य नाही. राल्फ स्टाइनमन यांच्याकडे केवळ एमडी होती. रेसिडेन्सीनंतर १९७० साली ते रॉकफेलर विद्यापीठात झॅनव्हिल कोन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले आणि १९७३ साली त्या दोघांनी डेन्ड्रायटिक पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्यावर स्टाइनमन यांनी याच पेशींवर आधारित प्रायोगिक उपचार स्वतःवर करून घेतले. २०११ साली नोबेल जाहीर होण्याच्या तीन दिवस आधी त्यांचे निधन झाले. निवड समितीस ते ठाऊक नसल्याने पारितोषिक कायम ठेवण्यात आले.