उपासनेकडून बैठकीकडे

पाचगणीचे ‘एशिया प्लॅटो’ मी प्रथम पाहिले, तेव्हा मॉरल रिआर्मामेंटच्या त्या केंद्राचे मूळ दारू सोडवणाऱ्या बैठकांशी जुळते, हे माझ्या गावीही नव्हते. १९३८पूर्वी ही चळवळ ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ म्हणून ओळखली जाई. अमेरिकन ल्युथरन पाळक फ्रँक बुकमन तिचे प्रवर्तक. छोट्या बैठकीत आपले दोष मोकळेपणी सांगायचे, ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई करायची, मग दुसऱ्याला हात द्यायचा, अशी तिची रीत.

न्यूयॉर्कच्या कॅल्व्हरी चर्चमध्ये रेव्हरंड सॅम्युएल शूमेकर यांनी ती रुजवली. त्याच चर्चच्या मिशनमध्ये १९३४ साली बिल विल्सन हा दारूत बुडालेला शेअरबाजारवाला पोहोचला. पुढच्या मे महिन्यात ॲक्रन शहरात त्याचा सौदा फसला. हॉटेलात समोर बार होता. त्याने चर्चच्या यादीतून एका पाळकाला फोन लावला आणि त्यातून गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या मद्यासक्त शल्यविशारदाशी. उपदेशक नव्हे, आपल्यासारखाच बुडालेला माणूस समोर बसला! माझ्या मते खरी कळ इथे आहे.

१९३७मध्ये न्यूयॉर्कचे आणि १९३९मध्ये ॲक्रनचे लोक ऑक्सफर्ड ग्रुपमधून बाहेर पडले. बुकमनना नामवंतांची जाहीर साक्ष मोलाची वाटे. इकडे नाव झाकणे गरजेचे. १९३९च्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या पुस्तकातल्या बारा पायऱ्यांत देव कसा मानायचा, हे ज्याचे त्याच्यावर सोपवले. याला कृतघ्नता म्हणणे मला पटत नाही. एरवी आपला माळकरी त्या बैठकीत कसा बसला असता?

बैठकांना जागा मात्र आजही पुष्कळदा चर्चच देते. हजेरीवही नसते. माझ्यासारख्या कागद शोधणाऱ्याची पंचाईत होते, ती तिथेच.