ऐपतीची रेषा

इंग्लंडात १८३४ नंतर निराधार म्हाताऱ्यांच्या नशिबी वर्कहाऊसची पायरी आली. तो गरिबांचा कायदा ५ जुलै १९४८ रोजी संपला. पण त्याच दिवशी एक नवा भेद रूढ झाला. इस्पितळातील खाट सर्वांना मोफत, वृद्धाश्रमातील खाट मात्र ऐपत पाहून! २०१० साली ऐपतीची रेषा २३,२५० पौंडांवर आली. त्याहून अधिक पुंजी असेल, त्याने खर्च स्वतः सोसावा. एकट्या माणसाचे घरही पुंजीतच धरावयाचे. २०११ साली डिल्नॉट समितीने ही मर्यादा एक लाखावर न्यावी, असे सुचविले. २०१४ साली कायदाही झाला. २०२४ साली ती योजना गुंडाळण्यात आली. चौदा वर्षे रेषा जागची हलली नाही. पौंड मात्र घसरत राहिला आणि काटकसरीने चार पैसे साठविणारा सामान्य म्हातारा सरकारदरबारी ऐपतदार ठरत गेला. एक अक्षरही न बदलता कायदा कठोर होतो, तो असा.