नानावटी खटला: तीन सिनेमे आणि एक बायको

'रुस्तम' 2016 च्या ऑगस्टमध्ये आला, तेव्हा अनेक समीक्षकांनी त्यातल्या भडक कोर्टसीन्सवर बोट ठेवलं. तरी सिनेमानं शंभर कोटींचा टप्पा पार केला आणि अक्षय कुमारला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. संभाजीनगरातल्या माझ्या ऑफिसात नानावटी म्हटलं की आजही त्याचा पांढरा युनिफॉर्मच आठवतो. खरा खटला बराच वेगळा होता.

27 एप्रिल 1959. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांना पत्नी सिल्व्हियानं प्रेम आहुजाशी असलेले संबंध सांगितले. त्याच दिवशी नानावटींनी मुंबईत आहुजाला गोळ्या घातल्या. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, म्हणजे ज्याचं खंडपीठ आज आमच्या जालना रोडवर आहे तिथे. जन्मठेप झाली, 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली आणि 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली.

या खटल्यावरून पडद्यावर काय काय आलं बघा. 1963 चा 'ये रास्ते हैं प्यार के' आला तेव्हा नानावटी शिक्षा भोगत होते. पण त्यातली गाणीच जास्त लक्षात राहिली. गुलजारांच्या 'अचानक'मध्ये (1973) एकही गाणं नाही. त्यातला नवरा बायकोलाही मारतो, आणि प्रश्न उरतो तो त्याच्या फाशीचा. 'रुस्तम'नं तर खुनाला देशभक्तीची जोड दिली: मेलेला माणूस संरक्षण व्यवहारातला भ्रष्ट दलाल निघतो. म्हणजे नायकाचे हात स्वच्छ!

मला भडक कोर्टसीनपेक्षा हेच जास्त खटकतं. तिन्ही सिनेमे नवऱ्याचं काय करायचं एवढंच ठरवतात.

पण कायदाही तसाच होता. कलम 497 नुसार व्यभिचार हा पत्नीच्या प्रियकरानं नवऱ्याविरुद्ध केलेला गुन्हा. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. उच्च न्यायालयात नानावटींविरुद्ध सरकारची बाजू मांडणारे पुण्याचे यशवंत चंद्रचूड पुढे सरन्यायाधीश झाले. 1985 मध्ये हे कलम वैध ठरवणारा निकाल त्यांनीच लिहिला. 27 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायाधीशांनी ते रद्द केलं. त्यांत त्यांचा मुलगा धनंजय चंद्रचूड होते. बायको ही नवऱ्याची मालमत्ता नाही, हे कायद्यात उतरायला नानावटी खटल्यापासून 59 वर्षं लागली.

खऱ्या खटल्यात सिल्व्हिया साक्षीला उभी राहिली होती, नवऱ्याच्या बचावासाठी. पुढे दोघं मुलांसह कॅनडाला गेले. ज्या घरात गोळीच्या आधी आणि माफीच्या नंतरही ती राहत होती, त्या घराचा सिनेमा मला बघायचाय.